गल्लीतलं झाड नावानं ओळखू या

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही देवळीहून बोलतोय.

दळणाचा डबा घेऊन घरातून निघालं, की गिरणीपर्यंत वाटेत किती झाडं लागतात? आम्ही आमच्या गटात हा प्रश्न विचारला, तेव्हा कुणी चार म्हणालं, कुणी सहा. मोजायला गेलो तर निघाली सतरा. त्यातल्या किती झाडांची नावं येतात, असं विचारलं तर गाडी निंब, पिंपळ, गुलमोहर एवढ्यावर थांबली. रोजच्या वाटेवरची ही झाडं ओळखायची कशी, आणि ओळखून करायचं काय, हे आज बोलायचं आहे.

या बोलण्यामागे एक घटना आहे. आमच्या वस्तीत रस्त्याच्या वळणावर एक मोठं झाड होतं. बाजाराच्या दिवशी त्याच्याखाली भाजीवाल्या बसायच्या. शाळेतून येणारी पोरं तिथे सायकली टेकवून पाणी प्यायची. आपल्या वर्धा जिल्ह्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा डोक्यावर पदर घेऊन चालणाऱ्या बाईला अशी एक सावली म्हणजे मधला मुक्काम असतो.

एका माघात त्या खोडावर कागद चिकटलेला दिसला. नालीच्या कामात झाड आडवं येतं, ते काढायचं आहे, हरकत असेल तर लेखी कळवा, असा मजकूर होता. झाडाच्या नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘इतर’. आम्ही कागद वाचला आणि पुढे गेलो. वाईट वाटलं, पण हरकत लिहायची तर काय लिहायची? ‘वळणावरचं मोठं झाड तोडू नका’? झाडाचं नाव आम्हालाही येत नव्हतं. पुढे झाड पडलं. फांद्या ट्रॉलीत भरताना वाळलेल्या चपट्या शेंगांचा खुळखुळ आवाज झाला आणि शेजारच्या आजी ओट्यावरून म्हणाल्या, “अवं माय, हा तं शिरस व्हता!”

आजींना नाव माहीत होतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी सहा ते सात आम्ही दहा-बारा जणी वही, सुतळी आणि लेकरं घेऊन वस्तीत फिरतो. या फिरण्यातून जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी पान हातात घ्या

झाड ओळखायचं तर फुलाची वाट पाहू नका. फूल वर्षातून महिनाभर दिसतं, पान बहुतेक वर्षभर असतं. खाली पडलेलं ताजं पान उचला आणि पहिला प्रश्न विचारा : हे एक पान आहे, की पानाचा तुकडा आहे?

प्रश्न विचित्र वाटेल. पण निंबाची काडी आठवा. मधे एक दांडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना छोटी पानं. आपण त्या प्रत्येकाला पान म्हणतो. खरं तर ती अख्खी काडी मिळून एक पान असतं आणि बाजूची छोटी पानं म्हणजे त्याच्या पर्णिका. अशा पानाला संयुक्त पान म्हणतात. हे ओळखायची सोपी खूण आहे. खऱ्या पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो, त्या बेचक्यात बारीकसा डोळा असतो, ज्यातून पुढे नवी फूट निघते. पर्णिकेच्या बेचक्यात असा डोळा नसतो. लेकरांना ही गंमत फार आवडते. आता आमची पोरं आमच्या आधी डोळा शोधतात.

मग बाकीचे प्रश्न. पानाची कड गुळगुळीत आहे, करवतीसारखी आहे, की लाटेसारखी? देठ मोडला तर चीक येतो का, आणि आला तर पांढरा का? खोडाची साल भेगाळलेली आहे, गुळगुळीत आहे, की बुचासारखी मऊ? आणि झाडाखाली काय पडलंय : शेंग, फळ, फूल, बी? एवढी उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं.

निंबाचं घर

आपल्या वस्तीत सगळ्यात जास्त झाडं निंबाची. पाडव्याला आपण त्याचा पाला खातो, धान्यात घालतो, कपाशीवर फवारायला निंबोळीचा अर्क करतो. तरीही निंब ओळखताना आमची तीनदा फसगत झाली, कारण निंबासारखी दिसणारी आणखी दोन झाडं रस्त्याकडेला असतात.

खरा कडुनिंब असा ओळखा. पर्णिका कोयत्यासारखी थोडी वाकलेली असते, कड करवती असते, आणि मधली शीर पर्णिकेचे दोन सारखे भाग करत नाही. एक बाजू रुंद, एक अरुंद. चैत्रात पांढुरका, मधासारख्या वासाचा मोहर येतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिवळ्या निंबोळ्या खाली पडतात.

दुसरं झाड बकाण, म्हणजे बकाणनिंब. त्याच्या पानाची दांडी पुन्हा फांद्यांत विभागलेली असते, म्हणजे काडीला काड्या आणि त्यांना पर्णिका. फुलं जांभळट असतात. फळं गोल, पिवळी, आणि पानं झडल्यावरही घोसांनी झाडावर लटकत राहतात. हे झाड ओळखणं आईसाठी महत्त्वाचं आहे, कारण बकाणाचं फळ माणसाला विषारी असतं. निंबोळी समजून लेकरू ते तोंडात घालू शकतं. आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीला जायच्या वाटेवरच एक बकाण निघाला. झाड तोडा असं आम्ही म्हटलं नाही, पण पोरांना ते फळ दाखवून ठेवलं आणि त्याखालची जागा झाडून घ्यायची पाळी लावली.

तिसरं झाड महारुख. हे निंबाच्या मानानं सरळ, उंच वाढतं. पान हातभर लांब असतं आणि पर्णिकेची कड मोठ्या, ओबडधोबड दातांची असते. लाकूड हलकं, त्यामुळे काडेपेटीच्या काड्यांसाठी ते वापरलं जातं. बकऱ्या याचा पाला आवडीनं खातात. बकऱ्या राखणाऱ्या बाईला विचारलं, तर ती महारुख लांबूनच दाखवते.

पळसाला पानं तीनच

ही म्हण आपण कितीदा वापरतो, पण ती झाड ओळखायची खूण आहे हे आमच्या लक्षात फिरताना आलं. पळसाच्या एका देठावर तीन मोठ्या, जाड, खरखरीत पर्णिका असतात. दोन समोरासमोर आणि एक टोकाला. आपल्याकडच्या जुन्या बाया त्याला ‘पयस’ म्हणतात. पत्रावळी याच्याच. शिमग्याच्या आसपास पानं झडलेल्या काळ्या फांद्यांवर केशरी फुलं येतात, तेव्हा तो वावराच्या धुऱ्यावरून मैलभर लांब दिसतो.

तीन पर्णिका बेलालाही असतात. पण बेलाचं पान लहान आणि गुळगुळीत असतं, चुरगळलं तर वास येतो, आणि फांदीवर काटे असतात. बेल देवळाच्या आवारात सापडेल, पळस गावाबाहेर पडल्यावर.

पर्णिका पाच ते सात असतील, त्या चकचकीत असतील आणि झाडाखाली एकेक बी असलेल्या चपट्या, टणक शेंगा पडल्या असतील, तर तो करंज. नवी पालवी तांबूस, मग पोपटी. याच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यात जळायचं आणि आजही साबणात जातं. भर उन्हाळ्यात हिरवीगार सावली देणारं हे झाड आपल्या काळ्या मातीत चांगलं वाढतं. नवीन झाड लावायचं असेल तर त्याचा विचार जरूर करा.

बारीक पानांची मंडळी

आता येतात बारीक पर्णिकांची झाडं. इथे गोंधळ जास्त होतो, म्हणून थोडं थांबून बघू.

चिंचेच्या दांडीला दहा ते अठरा जोड्या पर्णिका असतात, पान चावलं तर आंबट. एवढी खूण पुरेशी आहे. चिंच आपल्याला इतकी आपली वाटते, की ती मूळची आफ्रिकेतली आहे हे ऐकून आमच्यातल्या एकीनं वाद घातला. आफ्रिकेतून ती फार पूर्वीच इकडे आली. अरब व्यापाऱ्यांनी तिला नाव दिलं ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. झाड हळू वाढतं आणि शंभराहून जास्त वर्षं जगतं. म्हणून गावात जाड बुंध्याची चिंच दिसली, तर ती तुमच्या आजेसासूच्या आधीची असण्याची शक्यता मोठी.

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. त्याच्यासारखाच दिसणारा, पण पिवळ्या फुलांचा, तो सोनमोहर. फुलं नसताना दोघांत फरक कसा करायचा? शेंगेवरून. गुलमोहराची शेंग हातभर लांब, लाकडासारखी टणक, काळपट. सोनमोहराची बोटाएवढी, चपटी, तांब्याच्या रंगाची. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात आणि मुळं वरवर पसरतात, म्हणून जुन्या गुलमोहराखाली पावसाळ्याच्या तोंडाशी गाडी लावू नये आणि पाळणा बांधू नये.

आणि शिरीष, म्हणजे आमचा गेलेला शिरस. त्याची फुलं पावडर लावायच्या पफासारखी मऊ, हिरवट पांढरी आणि सुवासिक. शेंगा वीतभर, चपट्या, गवताच्या रंगाच्या. हिवाळाभर त्या झाडावरच वाळतात आणि वारा आला की खुळखुळतात. यासारखाच, पण छत्रीसारखा पसरणारा, तो पर्जन्यवृक्ष. त्याला लोक रेन ट्री किंवा विलायती शिरीष म्हणतात. तो आला दक्षिण अमेरिकेकडून. त्याचे पफ गुलाबी असतात आणि शेंगा जाड, गोडसर. गुरं त्या खातात. संध्याकाळी आणि ढगाळ हवेत त्याच्या पर्णिका मिटतात. पोरं म्हणतात, झाड झोपलं.

वड, पिंपळ, उंबर

यांना ओळखायला आपल्याला कुणी शिकवायला नको, पण काही बारकावे आहेत. तिघेही एकाच कुळातले, तिघांनाही पांढरा चीक. वडाचं फळ फांदीवर देठाशिवाय जोडीनं बसतं, उंबराचं फळ खोडावर घोसानं लागतं, आणि पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते. शेपटी नसलेलं, पण बदामाच्या आकाराचं पान आणि पिवळं फूल दिसलं, तर तो पारसपिंपळ. तो वेगळ्या कुळातला, आपल्या भेंडी आणि कपाशीचा नातलग. कपाशीचं फूल पाहिलेल्या बाईला ते नातं फुलात लगेच दिसतं.

या कुळाची फुलं दिसत नाहीत, कारण ती फळाच्या पोटात असतात. उंबर फोडलं की आत चिलटं निघतात आणि आपण नाक मुरडतो. पण प्रत्येक जातीची स्वतःची बारीक गांधीलमाशी असते आणि तिच्याशिवाय त्या झाडाला बी धरत नाही. गावातली सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत. त्यामुळे भर उन्हाळ्यात, वावरात काही नसतं तेव्हाही, पाखरांना कुठे ना कुठे वडा-पिंपळाचं फळ मिळतं. एक वड गेला म्हणजे पाखरांचं उन्हाळ्यातलं एक दुकान बंद झालं, असं समजा.

वटपौर्णिमेला फांदी तोडून घरी आणायची पद्धत वाढली आहे. जवळ वड उरला नाही म्हणून फांदी आणायची, आणि फांद्या तोडल्यामुळे उरलेला वडही खंगायचा. आमच्या गटानं मागच्या दोन वर्षांपासून ठरवलं आहे, की लांब असला तरी चालत वडापर्यंत जायचं. तेवढाच त्या दिवशी गप्पांचा वेळ मिळतो.

नाव एक, झाड दुसरं

काही झाडांचं नावच चुकीचं पडलं आहे. शाळेच्या नि कचेरीच्या कंपाउंडला ओळीनं उभी असलेली, सरळ, लांब, लाटेसारख्या कडेच्या पानांची झाडं आपण अशोक म्हणून ओळखतो. तो खोटा अशोक. रामायणातला, सीतेचा अशोक निराळा. त्याला संयुक्त पान आणि केशरी-लाल फुलांचे गुच्छ असतात. बायकांच्या तक्रारींवर दिलं जाणारं अशोकारिष्ट त्या खऱ्या अशोकाच्या सालीपासून होतं. कंपाउंडच्या झाडाची साल काढून कुणी काढा करायला सांगितला, तर करू नका. ते झाडच वेगळं आहे.

दिवाळीच्या सुमारास रात्री उग्र गोड वास येतो, आणि एका ठिकाणाहून सहा-सात पानं छत्रीच्या काड्यांसारखी फुटलेली दिसतात, तो सप्तपर्णी, म्हणजे सातवीण. याच्या लाकडाच्या पूर्वी पाट्या करत. शाळेच्या पाटीचं झाड शाळेसमोर उभं आहे, हे कळल्यावर पोरांनी त्याला रोज पाणी घालायला सुरुवात केली. त्याच दिवसांत पांढऱ्या, लांब नळीच्या फुलांचा सडा पडतो, तो बुचाचा. हा ब्रह्मदेशाकडचा.

पिवळ्या झुंबरांचा बहावा एप्रिल-मेमध्ये ओळखू येतो आणि एरवी त्याच्या हातभर लांब, काळ्या, नळीसारख्या शेंगांवरून. जांभळ्या फुलांचं ताम्हण उन्हाळ्यात फुलतं. ते आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, म्हणून वस्तीत एक तरी असावं.

सगळं एका दिवसात होत नाही. आम्ही वर्षभराचा क्रम लावला आहे. शिमग्याला पळस आणि काटेसावर, चैत्रात करंज आणि निंबाचा मोहर, वैशाखात बहावा आणि गुलमोहर, आषाढात निंबोळ्या आणि जांभळं, दिवाळीला सातवीण आणि बूच, थंडीत शिरीषाच्या शेंगा. ज्या महिन्यात जे झाड बोलतं, त्या महिन्यात ते ओळखायचं.

वहीत काय लिहायचं

ओळख पटली की नोंद करा. आमच्या वहीत पाच रकाने आहेत : झाडाचं नाव, जागा, घेर, आठवण, आणि त्रास.

घेर मोजायची रीत अशी. जमिनीपासून साडेचार फुटांवर सुतळी खोडाभोवती गुंडाळायची, गाठ मारायची, मग ती शिवणाच्या टेपवर मोजायची. साडेचार फुटांची खूण एका काठीवर करून ठेवा, म्हणजे प्रत्येक झाड त्याच उंचीवर मोजलं जाईल. नुसत्या घेरावरून वय सांगू नका. पर्जन्यवृक्ष भराभर जाड होतो, चिंच हळू. सारख्या घेराची दोन झाडं वयानं कितीतरी वेगळी असू शकतात.

म्हणून चौथा रकाना, आठवणीचा. आमच्या नालीजवळ एक निंब आहे. घेर नऊ फूट दोन इंच. त्याच्यासमोर राहणाऱ्या आजी १९६८ साली लग्न होऊन या घरात आल्या. वरातीची बंडी सोडली तेव्हा बैल याच निंबाला बांधले होते, असं त्या सांगतात. म्हणजे झाड तेव्हाच बैल बांधण्याएवढं होतं. आम्ही हे त्यांच्या शब्दांत लिहून घेतलं आणि खाली त्यांचा अंगठा घेतला. जुना लग्नाचा फोटो, घराचा नकाशा, खरेदीखत, यांत झाडाचा उल्लेख असेल तर त्याची प्रत ठेवा.

पाचवा रकाना त्रासाचा. बुंध्यापर्यंत सिमेंट आलंय का? खिळे ठोकून पाट्या लावल्या आहेत का? मुळाशी कचरा जाळतात का? मुळांना पाणी आणि हवा दोन्ही लागतात. बुंध्याला घट्ट सिमेंट लावलं की पावसाचं पाणी वाहून जातं आणि झाड आतून वाळत जातं. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे नवा रस्ता होताना एवढी जागा मोकळी सोडा, अशी मागणी आपणही करू शकतो. काम सुरू असताना सांगितलं तर एका घमेल्याचं काम, नंतर मात्र छिन्नी-हातोडा.

नावाची पाटी काय करते

आपल्यापासून फार लांब नसलेल्या सेवाग्रामला तुम्ही गेला असाल. १९३६ साली बापू तिथे राहायला आले. आश्रमात त्यांनी लावलेला पिंपळ आहे आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. कुणी लावलं, काय लावलं, हे तिथे येणाऱ्याला कळतं. त्या झाडांकडे कुणी अडथळा म्हणून पाहत नाही.

पण त्याच सेवाग्रामला जाणारा वर्ध्याकडचा रस्ता रुंद करताना २०२० साली रस्त्याकडेची जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली. वर्ध्याचे नागरिक पुढे आले, झाडांजवळ उभे राहिले, आणि तोड थांबवावी लागली. तोवर काही झाडं गेली होती. आपल्या देवळीवरून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो. तो मोठा झाला, आता गावातले रस्तेही मोठे होत आहेत. रस्ता आपल्यालाही हवा आहे. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर चांगला रस्ता लागतोच. पण कोणतं झाड वाचवता येईल आणि नाली हातभर सरकवता येईल का, हे विचारायला कुणीतरी हवं. विचारणारीला झाडाचं नाव माहीत हवं.

त्यासाठी कायदा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. तो नगरपालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत लागू होतो, म्हणजे देवळीतही. झाड तोडायला परवानगी लागते. परवानगी देण्याआधी वर्तमानपत्रात सूचना आणि झाडावर कागद लावावा लागतो, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. २०२१ साली या कायद्यात बदल झाला आणि पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं गेलं. तोडायची वेळच आली, तर जेवढं झाडाचं वय, तेवढी नवी झाडं लावायची, अशीही तरतूद आली. आता कळलं ना, आजींची बैलांची आठवण वहीत का लिहायची? ‘इतर’ नावाच्या झाडाचं वय कुणी विचारत नाही.

अर्ज अवघड नसतो. आम्ही लिहिला तो असा : “आमच्या वस्तीत अमुक घरासमोर, नालीच्या उजव्या बाजूला कडुनिंबाचं एक झाड आहे. साडेचार फुटांवर घेर नऊ फूट दोन इंच. १९६८ साली ते मोठं होतं, असं समोर राहणाऱ्या रहिवासी महिलेचं निवेदन सोबत जोडलं आहे. झाड पन्नास वर्षांपेक्षा जुनं असल्यानं वारसा वृक्ष म्हणून त्याची नोंद करावी आणि नालीचं काम करताना बुंध्यापासून एक मीटर जागा सोडावी.” खाली सगळ्यांच्या सह्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि तारीख घ्यायला विसरू नका. वृक्षगणनेत आपल्या वस्तीतली झाडं कशी नोंदली आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

खोडावर रंगानं आकडा दिसला तर लगेच घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. आकडा गणनेचा असू शकतो, तोडीचाही असू शकतो. गेरू-चुन्याचे पट्टे बहुधा गाडीवाल्यांना रात्री झाड दिसावं म्हणून असतात. आकडा कशाचा, हे कचेरीत जाऊन विचारा.

आमच्या अर्जाची पोच आमच्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही. नालीची चुन्याची रेघ निंबापासून दोन हातांवर आखलेली आहे आणि काम मागच्या गल्लीपर्यंत आलं आहे. आम्ही दर रविवारी जाताना ती रेघ पाहतो. उत्तर काय येईल ते येवो, पण या वेळी कागदावर ‘इतर’ लिहिता येणार नाही, एवढं आम्ही केलं आहे.

मैत्रिणींनो, येत्या रविवारी तुम्हीही निघा. आपल्या दारापासून फक्त शंभर पावलं. सोबत एक लेकरू आणि एक म्हातारी घ्या. लेकराची नजर खाली पडलेल्या शेंगेवर जाते आणि म्हातारीला नाव आठवतं. लिहायचं काम आपलं. पहिल्या दिवशी तीन झाडं ओळखली तरी पुष्कळ. जे ओळखू येणार नाही, त्याचं पान वहीत दाबून ठेवा आणि गावातल्या शिक्षिकेला, वैदूला, बकऱ्या राखणाऱ्या बाईला दाखवा.

आणि झाड ओळखलं की घरी येऊन त्याचं नाव मोठ्यानं सांगा. घरातल्या सगळ्यांना ते माहीत असू द्या. कधी खोडावर कागद लागलाच, तर तो वाचून तुम्हाला पुढे जावं लागणार नाही.